तेरा किलोंची वाट

तुर्कूहून जहाज पावणेनऊला सुटतं.
सातव्या मजल्यावरच्या बारमध्ये
नऊला मी बसते, माझ्या जुन्या वाद्यापुढे.
चोवीस किलो. मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी
लाकडी चमच्याने टेबल ठोकावं तशी खट्ट करते.
तिला चुकवून वाजवायची इतकी सवय झाली आहे
की काही गाणी आता मला
त्या सुराशिवायच आठवतात.

नवं येणार, ही बातमी ओस्मोने आणली,
ऑगस्टमध्ये, डेकवर, वाऱ्यात सिगारेट पेटत नव्हती तेव्हा.
तेरा किलो, म्हणाला. आणि आत
एकही रेकॉर्ड केलेला सूर नाही,
कुठल्याशा सभागृहातल्या कुठल्याशा पियानोचा
एका मंगळवारी पकडून डांबलेला आवाज नाही.
बोट पडलं की तिथल्या तिथे हिशोब होतो:
तार केवढी, ताण किती,
हातोडीवरचा नमदा मऊ की दडपलेला,
आणि नसलेली तार
थरथरते.

आधी सप्टेंबर म्हणाले. मग नाताळच्या आत.
मग कंपनीने एक फोटो दाखवला,
नुसती डावी कड, अंधारात, वर एक लाल बटण.
त्या बटणावरून आम्ही तीन फेऱ्या भांडलो.
ताइना म्हणे रेकॉर्डिंगचं,
ओस्मो म्हणे साधं चालू-बंद.
बाजारात तुरी,
आणि तालमीत ड्रम्स आणि बास एकमेकांशी बोलेनात.

नान्तालीच्या आह्तीने तर जुनं विकूनही टाकलं.
दोन महिने जेवणाच्या टेबलावर सराव करतोय.
बायकोला सांगतो, टेबल जरा जड लागतं बोटांना.
ती म्हणते, मग आधी ताटं उचल.

मी आर्विदकडे गेले.
चव्वेचाळीस वर्षं त्याने या किनाऱ्यावरचे पियानो लावले,
शाळांचे, चर्चचे, आमच्या जहाजावरचाही,
जहाजावर पियानो होता तोवर.
त्याच्या कानांवर हेडफोन चढवले.
डोळे मिटून ऐकलं त्याने. बरं आहे, म्हणाला.
आणि मग: जानेवारीत उतरतो का हा?
म्हटलं, त्यासाठी एक सरकपट्टी आहे म्हणे,
हवा तेवढा बेसूर करता येतो.

त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.
जन्मभर जे काढत आलो
ते आता पैसे मोजून घालता येतं?
हसला.
मग बराच वेळ हसला नाही.

पण कुणाचं बेसूर, त्याने विचारलं.
पार्गासच्या शाळेतला पियानो
शेगडीकडच्या बाजूला वर चढायचा,
खिडकीकडच्या बाजूला खाली.
दर फेब्रुवारीत. माणसासारखा तिरका.
तेवढं कळव त्यांना.

मी कळवलं.
शाळेचं नाव, शेगडी, खिडकी, फेब्रुवारी,
सगळं इंग्रजीत, सभ्यपणे.
उत्तर आलं नाही. आता एप्रिल म्हणतायत.

रात्री दीडला बार रिकामा होतो,
मारिएहाम्नचे दिवे काचेवर येतात.
नव्यात म्हणे, एखादी पट्टी आवाज न करता दाबून धरली
आणि दुसरा सूर लावला,
तर ती मुकी तारही हुंकार देते.
मी जुन्यावर करून पाहते. तीन पट्ट्या, अलगद, मुक्या.
मग खर्जात एक जोरात.
काही नाही. आत कुणी राहतच नाही.

फक्त बारमागच्या फळीवर
डावीकडून पाचवा ग्लास
त्या एकाच सुराला गुणगुणतो,
मी नऊ वर्षं ओळखते त्याला.
नवं आलं की पहिल्या रात्री
मी आधी तोच सूर लावणार आहे.
लोक बसायच्या आत.